परवान्याच्या अर्जातला चुकीचा प्रश्न

अमेरिकेत नर्स व्हायचं तर नर्सिंगचं शिक्षण आणि एनक्लेक्स ही परवान्यासाठीची परीक्षा एवढ्यावर भागत नाही. ज्या राज्यात काम करायचं तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि काही प्रश्नांची उत्तरं शपथेवर लिहून द्यावी लागतात. अटक, गुन्हा, आधीच्या परवान्यावर झालेली कारवाई यांची विचारणा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न अनेक राज्यांच्या अर्जांत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला आहे. टेक्सासच्या नियमांत तो बराच काळ साधारण असा होता: गेल्या पाच वर्षांत तुम्हाला दारूचं किंवा अमली पदार्थाचं व्यसन होतं का, किंवा त्यासाठी तुमच्यावर उपचार झाले आहेत का? शब्द राज्यागणिक बदलतात, वर्षांची मुदत कमी-जास्त होते, मतलब तोच राहतो.

दोन मुली डोळ्यांसमोर आणा. पहिली कॉलेजात असताना प्यायला लागली, हाताबाहेर जातंय हे तिला वेळेत उमगलं आणि एकविसाव्या वर्षी ती स्वतःच्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेली. महिनाभर तिथे राहिली, बाहेर आल्यावर एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या, मीटिंग धरल्या आणि तेव्हापासून दारूला शिवलेली नाही. दुसरी रोज रात्री पिते, सुट्टीच्या दिवशी दुपारपासून पिते, सकाळी तिचे हात थरथरतात. ती कुणाकडे गेलेली नाही आणि कुणी तिला हटकलेलंही नाही. आपल्याला व्यसन आहे हे तिला मनापासून पटलेलंच नाही, कारण ते न पटणं हाच या आजाराचा एक भाग आहे.

पहिलीला अर्जावर 'हो' लिहावं लागतं. दुसरी 'नाही' लिहिते, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खोटंही नसतं. चौकशी पहिलीची सुरू होते. परवाना आधी दुसरीच्या हातात पडतो.

बोर्डाचं काम रुग्णाचं रक्षण करणं हे आहे. मग वर्ग भरवून दोघींपैकी कुणाच्या हाती सलाईन द्यायची असं विचारलं तर उत्तर द्यायला कुणालाही वेळ लागणार नाही. तरीही प्रश्नाची रचना अशी की जी बरी झाली ती जाळ्यात सापडते आणि जी आजारी आहे ती निसटते. ताप मोजायचा सोडून कुणाच्या घरी औषधाची बाटली आहे ते तपासत फिरावं, तसं हे आहे. माझं म्हणणं असं की दारूवरच्या उपचारांबद्दलचा प्रश्न परवान्याच्या अर्जातून काढून टाकला पाहिजे. त्याच्या जागी आज काम करायला बाधा आणणारी स्थिती आहे का, एवढंच विचारावं. आणि जी स्वतःहून उपचारांना गेली, जिच्याकडून रुग्णाला इजा झालेली नाही, तिची नोंद बोर्डाकडे जाता कामा नये.

'हो' लिहिल्यानंतर काय होतं, ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. आधी बोर्डाचं पत्र येतं. उपचारकेंद्राची कागदपत्रं मागवली जातात, घडलं ते सविस्तर स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायला सांगतात, बहुतेकदा व्यसनाच्या जाणकाराकडून स्वतःच्या खर्चाने मूल्यमापन करून आणावं लागतं. तोवर अर्ज पडून असतो. नोकरी देऊ केलेलं हॉस्पिटल थांबतंच असं नाही. काहींना या टप्प्यावर परवाना मिळून जातो, विशेषतः उपचारांना बराच काळ लोटला असेल आणि कागद व्यवस्थित असतील तर. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण 'एकदा रिहॅबला गेलं की नर्सिंग संपलं' ही अफवाही तितकीच घातक आहे. ते संपत नाही. पण अनेकांना परवान्याबरोबर देखरेखीचा करार पत्करावा लागतो आणि तो बहुधा तीन ते पाच वर्षांचा असतो.

करार म्हणजे काय, ते तपशिलात पाहायला हवं. रोज सकाळी फोन करायचा किंवा ॲप उघडायचं आणि आज आपला नंबर लागला आहे का ते बघायचं. लागला असेल तर त्याच दिवशी लघवीचा नमुना द्यायला जायचं, मग रात्रपाळी करून आलेल्या असा, मूल तापाने फणफणलेलं असो की आईला भेटायला दुसऱ्या गावी गेलेल्या असा. त्या दिवशी नमुना दिला नाही तर तो दोषी धरला जाण्याची धास्ती. तपासणीचा खर्च बहुतेक ठिकाणी नर्सच्याच खिशातून. मीटिंगांच्या हजेरीचे कागद, वरिष्ठांचे अहवाल, समुपदेशकाचे अहवाल ठरल्या मुदतीत पोचवायचे. सुरुवातीचे कित्येक महिने नार्कोटिक्सच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकांच्या, कपाटाची किल्ली मिळत नाही, रात्रपाळी आणि ओव्हरटाइम बंद, एजन्सीमार्फत काम बंद. अशा अटींवर नवख्या नर्सला ठेवून घ्यायला किती वॉर्ड तयार होतील?

त्यातली ईटीजी नावाची तपासणी तर नर्सिंगच्या पेशाशी थेट भिडते. दारू शरीरातून गेल्यावरही तिची खूण लघवीत दोन-तीन दिवस राहते, ती ही तपासणी शोधते. ती इतकी संवेदनशील आहे की माउथवॉश, खोकल्याचं औषध, हातावर चोळायचा सॅनिटायझर यांतल्या अल्कोहोलनेही निकाल डळमळू शकतो. अमेरिकी सरकारच्याच व्यसनोपचार आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेने, सॅमसाने, २००६ मध्ये इशारा दिला होता की केवळ या एका तपासणीवर विसंबून कुणावर कारवाई करू नये. वॉर्डात नर्सने एका पाळीत किती वेळा हात सॅनिटाइझ करायचे असतात, हे कुणीही नर्स सांगेल. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून जे केलंच पाहिजे, तेच तिच्या सचोटीविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहू शकतं. आता रक्तातली पीईटीएच तपासणी आली आहे, ती दोन ते चार आठवड्यांमागचं पिणं दाखवते आणि अशा किरकोळ स्पर्शाने सहसा फसत नाही. निकालांची शहानिशा होतेही. पण शहानिशा होईपर्यंत कामावरून घरी बसलेल्या बाईचे ते दिवस कोण भरून देणार?

शिवाय बोर्डाने हे शिस्तभंगाच्या आदेशाच्या रूपात दिलं तर ते 'नर्सिस' या देशव्यापी नोंदवहीत बहुधा कायमचं दिसतं. पुढे कुठेही नोकरीला गेलं की दोन मिनिटांत उघडतं. शिस्तभंगाच्या कारवाईऐवजी असलेल्या गोपनीय पर्यायी कार्यक्रमात असाल तर नाव जाहीर होत नाही. पण तोवर अनेक राज्यांत चालणारा एकत्रित परवाना मिळत नाही, कारण अशा कार्यक्रमात सध्या नाव नसणं ही त्या परवान्याची अटच आहे.

ज्या नर्सने कामावर असताना दारू प्यायली, किंवा रुग्णाचं औषध चोरलं, तिच्यासाठी हे सगळं मला जड वाटत नाही. उलट, परवाना हिरावून न घेता देखरेखीखाली परत उभं राहण्याची ती संधी आहे. जी स्वतःहून, वेळेत, कुणाचं काहीही नुकसान व्हायच्या आधी डॉक्टरकडे गेली तिच्यावर तेच ओझं टाकणं मात्र अन्याय आहे. आणि त्याची खरी किंमत तिने एकटीने मोजावी लागती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. ती किंमत तिच्यामागून येणाऱ्या सगळ्या मोजतात.

कारण नर्सिंगच्या विद्यार्थिनी आपापसांत बोलतात. केंद्रात दाखल व्हायचं ठरवण्याआधी पहिला प्रश्न 'मी बरी होईन का' हा नसतो, 'हे लायसन्सला नडेल का' हा असतो. उत्तर नक्की मिळत नाही म्हणून ती थांबते. सेमिस्टर संपू दे, परीक्षा होऊ दे, परवाना हातात येऊ दे, मग बघू. यात वर्षं जातात आणि दारूचा आजार वर्षांगणिक मुरतो. काहीजणी घरातच एकट्याने दारू सोडायचा प्रयत्न करतात. हे सगळ्यांत भयंकर. भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर फिट येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने हे पुस्तकात वाचलेलं असतं, वॉर्डात अशा रुग्णाच्या उशाशी रात्र काढलेली असते. तरीही ती दार लावून घेते, कारण दवाखान्यात गेलं की कागद होतो आणि कागदाची तिला फिटपेक्षा जास्त भीती वाटते.

ही भीती सरकारला कळत नव्हती असं नाही. १९७० आणि १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने दारू आणि अमली पदार्थांवरच्या उपचारांच्या नोंदींना इतर वैद्यकीय नोंदींपेक्षाही कडक संरक्षण दिलं. कारण सरळ होतं: नोंद पोलिसांच्या किंवा मालकाच्या हाती पडेल या धास्तीने माणसं उपचारांना येतच नाहीत. केंद्राने रुग्णाच्या संमतीशिवाय 'ही बाई इथे होती' एवढंही सांगू नये, इथवर तो कायदा जातो. पन्नास वर्षं एक कायदा हे दार बंद ठेवतो आणि राज्याच्या बोर्डाचा अर्ज त्याच बाईला सांगतो की तू स्वतःच्या हाताने ते उघड, नाहीतर परवाना विसर. ज्या कारणासाठी संरक्षण दिलं ते कारण इथे कसं नाहीसं होतं, याचं उत्तर मला आजवर कुणाकडून पटेल असं मिळालेलं नाही.

आता रुग्णाच्या बाजूने बोलायला हवं, कारण तिथला प्रश्न खोटा नाही. माझी आई आयसीयूत असेल आणि तिच्या ड्रिपचा वेग ठरवणारा हात थरथरत असेल तर मला त्या हाताच्या मालकिणीच्या हक्कांवर व्याख्यान ऐकायचं नसेल. हॉस्पिटलातलं व्यसन काय करू शकतं याचं एक उदाहरण अमेरिका विसरलेली नाही. २०१२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एका हॉस्पिटलात रुग्णांना हेपटायटिस सी झाल्याचं उघडकीला आलं. तिथला एक तंत्रज्ञ रुग्णांसाठी भरून ठेवलेलं फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक स्वतःला टोचून घेत असे आणि दूषित सिरिंज परत ठेवत असे. वेगवेगळ्या राज्यांत मिळून किमान ४५ जणांना त्याच्यामुळे लागण झाली. त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. हे प्रकरण दारूचं नव्हतं आणि तो नर्सही नव्हता, पण परवान्याच्या वादात हे उदाहरण हमखास पुढे येतं, आणि यावंच.

फक्त ते नीट वाचायला हवं. तो माणूस त्याआधी राज्याराज्यांतल्या हॉस्पिटलांत काम करत फिरला होता. त्याचं वागणं काही ठिकाणी लक्षात आलं होतं, काढून टाकलंही होतं, पण पुढच्या हॉस्पिटलाला ते कळलं नाही. म्हणजे गडबड झाली ती वागणुकीची नोंद न झाल्याने. त्याने कधी उपचार घेतले होते का, असं अर्जात विचारलं असतं तर हे संकट टळलं नसतं. जो उपचारांना जातच नाही त्याच्याकडे लिहायला काय असणार? रुग्णाला धोका असतो लपवण्यातून. आणि उपचारांवर दंड बसवणारा प्रश्न लपवायलाच शिकवतो.

म्हणून वागणुकीबद्दल हवं ते विचारा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली का? कामावर प्यायलेल्या अवस्थेत सापडलात का? औषधांच्या हिशेबात घोळ केल्याबद्दल कुणी काढलं का? आज अशी कुठली स्थिती आहे का जिच्यावर उपचार चालू नाहीत आणि जिच्यामुळे कामात बाधा येते? या प्रश्नांना माझा कसलाही विरोध नाही. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याने हीच रेषा आखली आहे. दारूचं व्यसन हा त्या कायद्याखाली संरक्षणाला पात्र आजार ठरू शकतो. पण मालक व्यसनी कर्मचाऱ्याकडून इतरांइतक्याच चोख कामाची आणि वागणुकीची अपेक्षा धरू शकतो. आजार आणि वागणूक यांची गल्लत करायची नाही, एवढं शहाणपण कायद्यात तीन दशकांहून जास्त काळ लिहिलेलं आहे.

परवाना देणाऱ्या सरकारी संस्थांनाही हा कायदा लागू आहे, याची आठवण अमेरिकेचा न्याय विभाग त्यांना अधूनमधून करून देतो. २०१४ मध्ये लुइझियानात वकिलीच्या परवान्याच्या वेळी मानसिक आजाराच्या निदानाबद्दल आणि उपचारांबद्दल जे विचारलं जात होतं, ते न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीनंतर बदलावं लागलं. मार्च २०२२ मध्ये खुद्द एका नर्सिंग बोर्डाची पाळी आली. इंडियानात अफूजन्य औषधांच्या व्यसनावर डॉक्टरने लिहून दिलेलं औषध घेणाऱ्या नर्सना मदत कार्यक्रमात राहू दिलं जात नव्हतं. सावरायचं असेल तर सावरणारं औषध सोड, असा तो हट्ट होता. न्याय विभागाने हा कायद्याचा भंग असल्याचा निष्कर्ष काढला.

डॉक्टरांच्या बाबतीत वारं जरा लवकर फिरलं. राज्यांच्या वैद्यकीय मंडळांच्या महासंघाने २०१८ मध्येच सुचवलं होतं की निदान आणि उपचारांबद्दल विचारू नका, विचारायचंच तर सध्या कामात बाधा आहे का एवढंच विचारा. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागात राबलेल्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी आत्महत्या केली. उपचार घेतले तर परवाना जाईल, ही भीती त्यांना होती, असं त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या नावाचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला, आणि परवान्याच्या व नोकरीच्या अर्जांतून असे प्रश्न काढण्याची चळवळ त्यांच्या नावाने आजही चालू आहे. नर्सिंग बोर्डांपैकी काहींनी प्रश्न बदलले, काहींनी नाही. परिणामी एकाच आजाराची, एकाच उपचाराची किंमत तुम्ही कुठल्या राज्यात राहता त्यावर ठरते.

नर्सिंगच्या लोकांनी या बाबतीत मुळात पुढाकार घेतला होता, हे सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन नर्सेस असोसिएशनने ठराव केला की व्यसनाधीन सहकारिणीला शिक्षेआधी उपचारांची संधी मिळावी. १९८३ मध्ये फ्लोरिडात शिस्तभंगाला पर्याय देणारा पहिला कार्यक्रम सुरू झाला, १९८७ मध्ये टेक्सासात नर्सनी नर्सना सावरण्याचा कार्यक्रम उभा राहिला. त्याआधी व्यसन उघड झालं की परवाना रद्द, विषय संपला. त्या बायांनी आपल्यातल्या पडलेल्या बायांसाठी भांडून हे मिळवलं. त्यांच्या कामाला पुढे नेणारं पाऊल हेच की पकडली गेलेली आणि आपणहून आलेली यांच्यात फरक करायचा.

व्यसनातून सावरलेली माणसं जबाबदारीच्या कामावर टिकतात का? टिकतात. अमेरिकेतल्या १६ राज्यांच्या कार्यक्रमांतल्या ९०४ व्यसनाधीन डॉक्टरांचा पाच वर्षांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं पुढे काय झालं ते कळू शकलं, त्यांतले तीन चतुर्थांशाहून जास्त डॉक्टर पाच वर्षांनी परवान्यासह काम करत होते. वैमानिकांसाठी तिथे १९७० च्या दशकापासून हिम्स नावाचा कार्यक्रम आहे आणि त्यातून हजारो वैमानिक पुन्हा कॉकपिटमध्ये बसले. त्यांतलं लाइल प्राउज यांचं नाव घ्यायलाच हवं. मार्च १९९० मध्ये ते आणि त्यांचे दोन सहकारी दारूच्या अमलाखाली प्रवासी विमान घेऊन फार्गोहून मिनियापोलिसला उतरले आणि पकडले गेले. परवाना गेला, नोकरी गेली, तुरुंगवास झाला. त्यांनी उपचार घेतले, वैमानिकाचे परवाने अगदी पहिल्यापासून पुन्हा मिळवले, त्याच कंपनीने त्यांना परत घेतलं आणि ते बोइंग ७४७ विमानाचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. प्रवासी भरलेलं विमान प्यायलेल्या अवस्थेत चालवणाऱ्याला परतीची वाट मिळू शकली. ज्या मुलीने उपचार घेतले तेव्हा ती अजून वॉर्डात उभीही राहिली नव्हती, तिच्यावर किती वर्षं संशय धरायचा?

डॉक्टर आणि वैमानिक यांच्या बाबतीत एक गोष्ट बोलली जात नाही. त्यांच्यामागे पैसा असतो, संघटना असते, वकील असतो, आणि त्यांना तयार करण्यावर झालेला खर्च इतका मोठा की व्यवस्था त्यांना वाया जाऊ देत नाही. नर्सिंगमध्ये बहुसंख्य बाया, पगारावर घर चालवणाऱ्या, कित्येकजणी एकट्या आया. त्यांना 'दुसरी मिळेल' या हिशेबात धरलं जातं. परवान्याच्या अर्जातला हा प्रश्न इतका चिवट का, याचं एक कारण मला इथे दिसतं.

मराठी माणसाने यात लक्ष घालावं याला कारणं आहेत. आपल्या मुली आणि मुलगे महाराष्ट्रात नर्सिंग शिकून एनक्लेक्स देतात, अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतली मुलंही या पेशात आहेत. परदेशातून जाणाऱ्या नर्सला तर व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीतही दारूच्या इतिहासाला सामोरं जावं लागतं, त्यामुळे भीती दुप्पट. आणि आपल्या घरांत मुलगी पिते हे मान्य करणंच आधी अवघड. मुलगा प्यायला तर 'सुधारेल लग्नानंतर', मुलगी प्यायली तर तोंडातून शब्द फुटत नाही. मग केंद्रात ठेवायची वेळ आली की नातेवाइकांना 'लिव्हरचा त्रास' म्हणून सांगायचं, कागदावर दारूचं नाव येऊ द्यायचं नाही अशी डॉक्टरांना गळ घालायची. हे फक्त आपल्याकडचं नाही. एएच्या संस्थापकांपैकी एक, शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ, आणि सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात दारूच्या रुग्णांना दाखल करायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या रुग्णाच्या कागदावर त्यांना जठराचा दाह असंच लिहावं लागलं होतं. स्वतः डॉ. स्मिथ १९३५ पर्यंत पिणारे होते. त्यांच्यासारख्या माणसाला शल्यक्रियेच्या कामावर राहता आलं, म्हणून पुढे हजारो रुग्णांवर त्यांच्या हातून उपचार झाले.

महाराष्ट्रात हा विषय उघड्यावर आणायचं काम मुक्तांगणने केलं. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते केंद्र सुरू केलं आणि व्यसन हा आजार आहे हे वाक्य मराठी घरांत पोचवलं. स्त्रियांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. कायदाही मागे राहिलेला नाही: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला.

आणि नेमक्या या वेळी आपल्याकडे नर्सिंगच्या परवान्याची घडी नव्याने बसते आहे. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घ्यायला २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला. त्यात राष्ट्रीय नोंदवही आहे, नीतिनियम आणि नोंदणी पाहणारं वेगळं मंडळ आहे. असे नियम लिहिताना परदेशांतले अर्ज समोर ठेवले जातात. त्यांतून हा प्रश्न उचलून आपल्या अर्जात चिकटवणं एका ओळीचं काम आहे. काढायला मात्र वर्षानुवर्षं लागतात, हे अमेरिकेने दाखवलं आहे. महाराष्ट्रातल्या नर्सेसच्या संघटनांनी आत्ताच आयोगाकडे लेखी मागणी करावी: अर्जात उपचारांविषयी प्रश्न नको, आणि आपणहून उपचारांना आलेल्या नर्सला, रुग्णाला इजा झालेली नसेल तर, गोपनीय मदत कार्यक्रम हवा. त्याचा खर्च तिच्या पगारातून कापता कामा नये.

ज्या मुलीला आज अमेरिकेत हा अर्ज भरायचा आहे तिला मात्र नियम बदलेपर्यंत थांबता येणार नाही. तिने उपचारांना जावं, परीक्षेनंतर नाही, आत्ताच. अर्जात खोटं लिहू नये; बोर्ड इतिहास समजून घेऊ शकतं, शपथेवरचं खोटं उघड झालं तर तीच कारवाईची बाब होते आणि आधीच्या उपचारांपेक्षा फार महाग पडते. प्रश्न नीट वाचावा, किती वर्षांबद्दल विचारलं आहे ते पाहावं, विचारलं नसेल ते सांगू नये. डिस्चार्जचे कागद, समुपदेशकाचं पत्र, मीटिंगांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात. टेक्साससारख्या राज्यात शिक्षण चालू असतानाच बोर्डाकडे अर्ज करून आपल्याला परवाना मिळू शकेल का याचा निर्णय आधी मागता येतो. ती सोय वापरावी. आणि नर्सिंगच्या परवान्याचं काम करणारा वकील परवडत असेल तर फॉर्म भरण्याआधी त्याला दाखवावा, पत्र आल्यानंतर नाही.